मिठाचं वाक्य

मी अमेरिकेला निघाले त्या दुपारी बेलापूरच्या आमच्या सरकारी क्वार्टरसमोर भाड्याची जीप उभी होती आणि तिच्या टपावर सुगंधा उभी होती. माझ्या चित्रांची गुंडाळी कॅरिअरला बांधायचं काम तिने दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही. खाली माझे वडील, शेजारचे काका आणि जीपवाला माना वर करून सूचना देत होते.

"होड्या बांधतो आमी," ती वरून म्हणाली. "ही काय चीज हाय?"

ती गाठ पुढे विमानतळावर कुणालाच सुटेना. शेवटी ब्लेडने कापली.

खाली उडी मारून तिने माझ्या हातात प्लॅस्टिकचं एक पान दिलं. त्याला वीस खिसे, प्रत्येक खिशात एक स्लाइड, म्हणजे चित्राचा छोटा पारदर्शक फोटो. तिच्या चित्रांचा जादा संच होता तो. "ए घाटीन, ह्या तिकडं दाखव. आनि जागा धरून ठेव माज्यासाटी. खिडकीजवळची. फुडच्या वर्षी येते मी."

"धरते," मी म्हणाले. आई दही घेऊन पुढे आली, "पोचलीस की पत्र टाक," म्हणाली. वडिलांनी माझे कागद तिसऱ्यांदा मोजले. जीप निघाली.

सुगंधाने त्याच कॉलेजात अर्ज केला होता. मला घेतलं आणि तिला घेतलं नाही. का घेतलं नाही हे जीपमध्ये बसताना मला माहीत होतं, किंवा माहीत असल्याची शंका होती. तीस वर्षं होत आली. ते आता लिहिते आहे.

आम्ही दोघी मुंबईच्या एका कला महाविद्यालयात पाच वर्षं एका वर्गात होतो. वर्गात नवी मुंबईच्या आम्ही दोघीच. पण खरी नवी मुंबईची म्हणजे ती. जुईनगरजवळच्या खाडीकाठच्या गावात तिच्या घराण्याचं मिठागर होतं. शहर वसवायला ते सरकारने घेतलं आणि त्या शहरातली कचेरी चालवायला सातारा जिल्ह्यातून माझ्या वडिलांसारखे कारकून आले. म्हणून मी घाटीन. माझी आई तिला मिठाची पोर म्हणायची आणि ती आली की भाकरी जास्त टाकायची.

मी आमच्या वसाहतीच्या इमारती रंगवत असे. एकसारख्या गॅलऱ्या, एकसारख्या खिडक्या, पाण्याची पिंपं. सुगंधा मिठागर रंगवायची, आणि खऱ्या मिठाने. उरलेल्या एका खाचरातलं खारं पाणी ती डब्यातून आणायची, रंगात मिसळायची आणि कॅनव्हास उन्हात आडवा ठेवायची. पाणी उडून गेलं की रंगावर मिठाचे खडे धरत. सकाळच्या तिरक्या उजेडात ते चित्र बघताना डोळे मिटावेसे वाटत. तसं काम मी त्यानंतर कुठेच पाहिलं नाही, आणि इथली बरीच म्युझियमं मी पाहिली आहेत.

तेव्हा परदेशात फाइन आर्टचं मास्टर्स करायचं तर वीस स्लाइड, एक निवेदन आणि तीन शिफारसपत्रं पाठवावी लागत. फी माफ करून वर शिकवण्याचं काम देणारं एकच कॉलेज आमच्या यादीत होतं, त्यामुळे दोघींनी तिथेच अर्ज करायचं ठरवलं. गच्चीवर पांढरी चादर बांधून लग्नाचे फोटो काढणाऱ्या एका फोटोग्राफरकडून स्लाइड काढून घेतल्या. त्या धुऊन आल्या आणि आमचे चेहरे उतरले. माझ्या इमारती नीट आल्या होत्या. सुगंधाच्या चित्रांवर मात्र नुसते पांढरे ठिपके दिसत होते. खाडीच्या दमट हवेत स्लाइडला बुरशी लागते, ती हुबेहूब तशीच दिसते.

"ह्याना वाटंल, पोरीनं कपाटात सडवल्यान," ती म्हणाली. मग, "निवेदनात मीच लिवलं तर सारवासारव वाटंल. पत्रात लिवता येईल. शिफारसपत्रात."

दोन शिक्षकांनी चार-चार ओळी स्वतः लिहून दिल्या. तिसरं पत्र विभागप्रमुख सरांचं, वजनाचं. ते म्हणाले, "मसुदा करून आणा, मी सही ठोकतो. तुमच्याबद्दल तुमच्याइतकं कुणाला माहीत आहे?" आणि कोरी लेटरहेड आमच्या हातात ठेवली. यात काही गैर नव्हतं. तेव्हा सगळेच सर असं करत, बहुधा अजूनही करत असतील.

आम्ही दोन दिवस बसलो. स्वतःबद्दल चांगलं लिहायला हात वळेना. लहानपणापासून स्वतःचं कौतुक करणाऱ्याला आमच्याकडे आगाऊ म्हणतात. शेवटी सुगंधाने तोडगा काढला.

"तू माजं लिव, मी तुजं लिवते. एकमेकीचं वाचायचं नाय."

मी टायपिंगच्या दोन परीक्षा दिल्या होत्या. बेलापूरच्या टायपिंग क्लासात एका मशीनवर तासभर बसायला मिळालं. वडिलांनी आयुष्यभर कचेरीत दाखले लिहिले होते आणि त्यांचं एक सांगणं असायचं, "कागदावर जास्त बोलू नये. जास्त बोललं की तपासणी लागते." मी तसाच दाखला टाइप केला. विद्यार्थिनी नियमित आहे, कष्टाळू आहे, वर्तणूक चांगली आहे, दिलेलं काम वेळेत पूर्ण करते. त्यानंतर मिठाचं वाक्य टाइप केलं: चित्रावरचे पांढरे ठिपके हा स्लाइडचा दोष नाही, ते तिच्या घराण्याच्या, आता सरकारने घेतलेल्या मिठागराचं मीठ आहे.

मग मी पान वाचलं. ते वाक्य बाकीच्यांत बसत नव्हतं. खाली सहीला जागा कमी पडत होती. मी कागद काढला, दुसरं लेटरहेड घातलं आणि ते वाक्य सोडून पत्र पुन्हा टाइप केलं.

सहीला जागा कमी पडत होती हे खरं आहे. वडिलांची सवय माझ्या हातात होती हेही खरं. आणि त्या कॉलेजात एका वर्षी दोन भारतीय मुली घेतील असं आम्हाला कुणीच सांगितलेलं नव्हतं, हे मला कागद बदलताना आठवत होतं. या तिन्हींतलं कुठलं कारण खरं, ते मी पुष्कळदा तपासलं. उत्तर मिळालेलं नाही. ज्याला आपण निर्दोष आहोत हे ठाऊक असतं तो इतक्यांदा तपासत नाही.

सरांनी दोन्ही पत्रं न वाचता सह्या केल्या, त्यांच्या झेरॉक्स फाइलला लावल्या, पाकिटं बंद केली आणि झाकणावर आडवी सही केली. एप्रिलमध्ये उत्तरं आली. सुगंधाचं पाकीट पातळ होतं, एका कागदाच्या नकाराचं. ती माझ्यासाठी पेढे घेऊन बेलापूरला आली.

माझं नवं गाव म्हणजे सपाट मक्याची शेतं आणि मधोमध कॉलेज. मला स्टुडिओत खिडकीजवळची जागा मिळाली. पहिल्या सेमिस्टरमध्ये विभागाच्या प्रोफेसरबाईंनी मला ऑफिसात बोलावलं. माझी फाइल समोर होती. "तुमचे शिक्षक कवी आहेत का?" त्यांनी विचारलं आणि सरांच्या सहीचं पत्र मला वाचून दाखवलं. मला अक्षर लांबूनच ओळखू आलं. टाइपसुद्धा केलेलं नव्हतं. डिक्शनरी समोर ठेवून लिहिलेलं, अर्धी क्रियापदं चुकलेलं इंग्रजी. त्यात होतं:

"ही मुलगी बोलायला कोरडी आहे. लोकांना वाटतं ती इमारती काढते. पण तिच्या प्रत्येक खिडकीतून कुणीतरी आत्ताच उठून गेलेलं असतं. खुर्ची अजून गरम असते. तिला स्वतःला हे माहीत नाही. कृपया तिला सांगू नका. सांगितलं तर ती मुद्दाम करायला लागेल."

बाई हसल्या. मीही हसले. त्यानंतर मी स्टुडिओत गेले आणि एक खिडकी काढायला घेतली. सुगंधाने लिहिलं होतं तसंच झालं. त्या दिवसापासून माझ्या प्रत्येक खिडकीत मी कुणालातरी मुद्दाम उठवून बाहेर पाठवत होते आणि ते दिसत होतं. दोन वर्षांनी डिग्री मिळाली. चित्रं तिथेच संपली. नंतर मी दातांच्या एका दवाखान्यात कामाला लागले. अपॉइंटमेंट देते, विम्याचे फॉर्म भरते. काम चांगलं करते. नियमित, कष्टाळू, वर्तणूक चांगली.

चित्रं गेली याची तक्रार मी करत नाही. खिडकी माझी होती, तिच्यातलं माणूस सुगंधाला दिसलं होतं. सांगायचं ते पुढचं आहे.

ते पत्र ऐकलं त्या आठवड्यात मी तिला एअरोग्राम लिहायला घेतला. "तुझ्या पत्रातून मी एक वाक्य गाळलं. सरांकडून नवं लिहून घे, मी मसुदा पाठवते." एवढंच लिहायचं होतं. दोन ओळी लिहिल्या आणि तो निळा कागद डिक्शनरीत ठेवला. तिच्या वीस स्लाइड टेबलाच्या खणात होत्या. त्या बाईंना दाखवायच्या तर ठिपक्यांबद्दल बोलावं लागलं असतं, आणि मग हे पत्रात का नाही, असं त्यांनी विचारलं असतं. मी खण उघडला नाही.

दरम्यान तिचं पत्र आलं. "या वर्षी परत टाकला अर्ज. सर तुज्याच मसुद्यावर तारीख बदलून देतात. बरं झालं, परत डोकं नको लावायला." पुढच्या वर्षीही तेच, त्याच्या पुढच्याही. माझ्या एका पानाने तिला आणखी तीनदा नाही म्हटलं, आणि दर वेळी मला आधीपासून माहीत होतं. दर वेळी मी उत्तरात हवामान लिहिलं.

चार वर्षांनी, नव्वदचं दशक संपता संपता, मी पहिल्यांदा परत गेले. वडील निवृत्त झाले होते, क्वार्टर रिकामी करून दोघं साताऱ्याकडच्या गावी गेले होते. बेलापूरला मी जुन्या दारासमोर उभी राहिले. तिथे आता राहणाऱ्या बाईने साखळी न काढता विचारलं, "कोन पायजे?" मी म्हणाले, कुणी नाही.

सुगंधाच्या भावांनी चार मजली बिल्डिंग उठवली होती. ती ऐरोलीच्या एका शाळेत ड्रॉइंग शिकवत होती. मला बघून ती जिन्यातच ओरडली, "आली गं घाटीन! किती सुकलीस! तिकडं काय जेवन देत नाय काय?" तिच्या आईने माझ्यासाठी कोलंबी केली होती. जेवून आम्ही गच्चीवर गेलो. मी चित्रं बघायची म्हणाले.

"कसली चित्रं? पावसात मिठाला पानी सुटलं. दोन पावसाळे रडली नुसती. कापड सडलं, मंग आयेनं फेकून दिली." हे ती सहज म्हणाली. मग कठड्याला टेकून तिने विचारलं, "एक सांग. काय लिवलं होतंस गं माज्याबद्दल? आता तरी सांग."

तिला सगळं सांगायचं म्हणूनच मी तिथवर गेले होते.

"चांगलं लिहिलं होतं," मी म्हणाले.

"मिठाचं लिवलंस?"

"हो."

तिने समोरच्या इमारतींकडे पाहिलं. तिथे पूर्वी खाचरं होती. "मंग माजं कामच वाईट असंल," ती म्हणाली. "बरं झालं समजलं. मी उगाच समजत होते, त्यांना ते ठिपके बुरशीचे वाटले."

तिने माझ्या पाठीवर थाप मारली, "चल, चहा पिऊ," म्हणाली आणि जिना उतरायला लागली. त्यानंतर तिने ब्रश धरला नाही. हे मला तिच्या भावाकडून कळलं.

इकडे आलेल्यांना दिवाळीच्या जेवणात कुणीतरी हमखास विचारतं, घर म्हणजे तुमच्यासाठी काय? लोक आईच्या हातचं, अंगणातलं, बोलीतलं काही सांगतात. मी पाण्याचा ग्लास उचलते. माझं घर भाड्याचंसुद्धा नव्हतं, सरकारी होतं, ते दुसऱ्या कारकुनाला मिळालं. आईवडील राहिले नाहीत. तरी ते एका ठिकाणी शिल्लक आहे: जिथे एका मुलीला माझी खुर्ची अजून गरम असल्याचं कळत होतं, तिथे. त्या दारातून मी स्वतः बाहेर पडले आणि तिची जागा धरून ठेवते असं सांगून आले.

सुगंधा, हे तुझ्यापर्यंत पोचेल अशी व्यवस्था मी करते आहे. माफी मागत नाही. त्याचा तुला उपयोग नाही, आणि अर्जाची मुदत कधीच संपली. फक्त गच्चीवर मी खोटं बोलले. तुझं काम वाईट नव्हतं. ते त्यांना दिसलंच नाही, कारण मी ते सांगितलं नाही.

काल खण उघडला. चित्रांतलं आता एवढंच उरलं आहे, वीस स्लाइड. एकेक खिडकीच्या उजेडात धरून पाहिली. इथली हवा कोरडी आहे, इथे स्लाइडला बुरशी लागत नाही. सगळे ठिपके जागच्या जागी आहेत. मीठच आहे ते, सगळं.