दोन्ही डोळे उघडे ठेवून

त्या दुकानदाराचा राग माझा अजून गेला नाय. लोक म्हणतात, आजी, झालं गेलं सोडून द्या. मी लय सोडलं आयुष्यात. नवरा गेला, तेव्हा रडून झाल्यावर तिसऱ्या दिवशी कामाला गेले. लेक सातपूरला कंपनीत होता, सेकंड शिफ्ट सुटून मोटरसायकलवर येताना गेला, तेपण गिळलं. पण ह्या माणसानं माझ्या हातानं माझ्या सुनेचं नुकसान केलं. ते कसं सोडू?

आमचं गाव निफाडच्या अंगाला, गोदावरीच्या धरणाचं पाणी पसरतं तिथं. थंडीत त्या पाण्यावर बाहेरदेशीची पाखरं उतरतात आणि ती बघायला नाशिक-मुंबईची माणसं गाड्या करून येतात. आता हे मला आधी लय नवल वाटायचं. मी शाळेत दुसरीपर्यंत गेले आणि तिथून पुढं पाखरं हाकलायलाच बसले. लोकाच्या बाजरीत, ज्वारीत चार बांबूवर माळा बांधलेला असायचा. पहाटे अंधारात त्यावर चढायचं आणि दिवस बुडाल्यावर उतरायचं. हातात गोफण, पदरात गोटे. भोरड्यांचा थवा आला की आभाळ काळं व्हायचं. एक थवा कणसावर बसला की मालक शिव्या आपल्याला देणार, पाखरांना नाय. उन्हानं डोकं तापायचं, वरडून वरडून घसा बसायचा. दोन बाळंतपणं झाली त्या कामात, दोन्ही बारीला दहाव्या दिवशी परत माळ्यावर. आणि आता त्याच पाखरांना लोक पैसे देऊन बघतात आणि हळू बोला म्हणतात.

तर माझी सून. ती मला आत्या म्हणते. लेक गेल्यावर माहेरी जायला मोकळी होती, गेली नाय. द्राक्षाच्या बागेत कामाला जायची. घड मोठा व्हावा म्हणून एकेक घड औषधाच्या मगात बुडवून काढतात, ते काम. तीन वर्षांत तिच्या हाताची सालटं निघाली. भाकरी थापताना पीठ लागलं तरी आग व्हायची. डॉक्टरनं सांगितलं, औषधात हात घालायचाच नाय. मग खायचं काय?

पाखरं दाखवणारे गाइड लोक आमच्या गावातलेच. त्यांच्यात सगळ्यात जुना जो हाय, त्याला तिनं जाऊन विचारलं, मला घेता का. तो माणूस तसा सरळ. म्हणला, वहिनी, बाई कुणी नाय आमच्यात, पण नको असं कुठं लिहिलेलं नाय. पाखरं ओळखता आली पाहिजेत, मोजता आली पाहिजेत आणि दुरबीण स्वतःची पाहिजे. एकाच्या दुरबिणीवर दुसऱ्याचं काम चालत नाय. बाकीचे हसले. ती घरी आली आणि महिनाभर चित्रांचं पुस्तक घेऊन पाण्याच्या कडंला बसली. कुठलं पाखरू कसं उडतं, चिखलात कसं चालतं, ते मी सांगायची. नाव तिनं पुस्तकातून लावायचं.

दुरबिणीसाठी शेळी विकली. आम्ही दोघी एसटीनं नाशिकला गेलो. रविवार कारंजाच्या मागं एका गल्लीत दुकान होतं. काचेच्या कपाटात दुरबिणी, खाली घड्याळं, कंपास, बॅटऱ्या. दुकानदार गोड बोलला. आजी बसा, पाणी घ्या. आम्ही सांगितलं, पाखरं बघायची हायत. त्यानं लगेच एक भली मोठी काळी दुरबीण काढली. काचा तांबड्या, चमकत्या. म्हणला, ही वीसपट मोठं दाखवती, शिकारी लोकांची हाय, जंगलात फिरणारे हीच नेतात. मी म्हणलं, शिकारीला तर बंदी हाय, मग शिकारी येतात कुठून तुझ्याकडं? तो हसला, म्हणला, आजी, बोलायची रीत हाय.

बाजूला एक लहान होती, तिच्यावर आठ लिहिलेलं. ती विचारली तर म्हणला, ती पोरासोरांची, कुठं वीस आणि कुठं आठ. मला ते पटलं. आपल्याला मोठं म्हणलं की चांगलंच वाटतं.

मी पारखून घेणारी बाई हाय. मडकं वाजवून घेते, कोयता नखावर घासून घेते. दुरबीण दारात नेली आणि समोरच्या दुकानाची पाटी बघितली. आता गोफण मारताना नेम धरायचा तर डावा डोळा मिटायचा, ही सवय माझी लहानपणापासूनची. दुरबीण डोळ्याला लावली आणि डावा डोळा आपोआप मिटला. अक्षरं ताटाएवढी दिसली. मग उजवा मिटून डाव्यानं बघितलं, तसंच स्वच्छ. दोन्ही नळ्या तपासल्या ह्याचा मला अभिमान वाटला. दुकानदार बाजूला उभा राहून बघत होता. म्हणला, आजी, तुमच्यासारखं तपासून कुणी घेत नाय.

सुनेनं एकदा डोळ्याला लावली आणि बारीक आवाजात बोलली, "आत्या, डोळ्याला वढ बसती."

मी म्हणलं, "सवय नाय तुला. गप."

आणि तो लगेच दुरबीण खोक्यात भरायला लागला.

घरी आल्यावर ती रोज सकाळी घेऊन बसायची आणि दुपारी डोकं बांधून निजायची. मी बोलले तिला. लय बोलले. म्हणलं, शेळी गेली तुझ्यापायी आणि तुला बघता येईना. माळ्यावर बारा तास बसावं लागलं असतं तर काय केलं असतंस?  आता आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

जुन्या गाइडनं तिला परीक्षेला बोलावलं, त्या दिवशी मी पण गेले. सकाळचं धुकं होतं. जुन्या गाइडनं पाण्याच्या पलीकडचं चिखलाचं बेट दाखवलं, म्हणला, वहिनी, तिथं काय हाय आणि किती हाय ते सांगा. तिनं दुरबीण वर धरली. एवढी जड की हात थरथरायला लागले. लय वेळानं म्हणली, चमचे हायत, दोन. चमचा म्हंजे ते पांढरं पाखरू, चोच चमच्यासारखी.

चमचा एकच होता. मला नुसत्या डोळ्यानं एकच पांढरा ठिपका दिसत होता.

पुढं तिनं तीन बदकं सहा सांगितली. एक तरणा गाइड म्हणला, "वहिनीला सगळी जुळीच दिसतात रे." सगळे हसले. जुना हसला नाय. त्यानं तिला बाजूला घेतलं, म्हणला, नावं बरोबर हायत, मोजणीत चुकलात, आठ दिवसांनी एकदा परत या. त्यानंतर पाखरं परत जायला लागतील, मग थेट पुढच्या थंडीत. आणि हळूच म्हणला, आठ आणि बेचाळीस असे आकडे असलेली दुरबीण बघा, आठ म्हंजे आठपट आणि बेचाळीस म्हंजे पुढच्या काचेची रुंदी.

पुढच्या थंडीपर्यंत म्हंजे परत औषधात हात. हे तिला कळत होतं आणि मलाही.

घरी येईपर्यंत मी धुसफुसतच होते. अंगणात ती थांबली. पहिल्यांदा माझ्याकडं सरळ बघून बोलली.

"आत्या, एकदा दोन्ही डोळे उघडे ठेवून बघा. माझ्यासाठी."

लांब मोबाइलचा टॉवर दिसतो आमच्या अंगणातून. मी दुरबीण लावली, डावा डोळा मिटायला लागला तसा बोटानं धरून उघडा ठेवला. दोन टॉवर. एकात एक घुसलेले, एक जरा वर, एक जरा खाली. डोळा मिटला की एक, उघडला की दोन. दोन्ही नळ्या दोन वाटांनी बघत होत्या. एकेक डोळ्यानं बघणाऱ्याला ते जन्मात कळणार नाय.

मी तिथंच ओट्यावर बसले. त्या माणसाला हे ठाऊक होतं. मी डोळा मिटते हे त्यानं बघितलं, सुनेनं सांगितलेलं त्यानं ऐकलं आणि तरी दुरबीण खोक्यात भरली.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं नाशिक. दुकानदार गोडच होता, दुरबीण टेबलावर ठेवली तोपर्यंत. मग आवाज बदलला. म्हणला, पावतीवर लिहिलंय, माल परत नाय. म्हणला, तुम्ही पाडली असेल, खेड्यात नीट वापरत नायत. कुठं ओरखडा हाय का दाखव म्हणलं, तर दाखवता येईना. मग म्हणला, तुम्हीच तपासून घेतली ना, मी जबरदस्ती केली का?

मी आवाज चढवला नाय. आयुष्यभर पाखरांवर वरडले, आता माणसावर वरडायला घसा नाय. मी म्हणलं, "मी एक डोळा मिटत होते ते तू बघितलंस. दोन्ही उघडे ठेवा, एवढंच बोलायचं होतं. तेवढं बोलला असतास तर माझ्या सुनेला माणसं हसली नसती."

तो सुनेकडं बघून म्हणला, "ताई, घेऊन जा ह्यांना. गिऱ्हाइकाची वेळ हाय."

सून म्हणली, "आम्ही पण गिऱ्हाईकच हाय."

माझी सून दुकानात अशी बोलली. मी तिच्याकडं बघतच राहिले.

तेवढ्यात इंदिरानगरहून एक साहेब आणि त्यांची बायको आले. हिमालयात कुठं फिरायला जायचं होतं, दुरबीण पाहिजे होती. दुकानदारानं कपाटातून तसलीच मोठी काढली आणि तेच वीसपटीचं गाणं सुरू केलं. मी आमची उचलून त्या साहेबांच्या हातात दिली. म्हणलं, दादा, ह्या दुरबिणीतून ती पाटी बघा, दोन्ही डोळे उघडे ठेवून. साहेबानं बघितलं, चष्मा पुसला, परत बघितलं. मग बायकोला दिली. ती म्हणली, अय्या, डबल दिसतंय. साहेब दुकानदाराला म्हणले, ही विकलीत तुम्ही ह्यांना? आणि दुकानदारानं दाखवलेली मोठी बाजूला सारली.

तेव्हा दुकानदार बदलून देतो म्हणला. चूक झाली म्हणून नाय, गिऱ्हाईक जाईल म्हणून.

मला घाई नव्हती. मी म्हणलं, आठ-बेचाळीसच्या काढ जेवढ्या हायत तेवढ्या. तीन निघाल्या. आता मी शहाणी झाले होते. पहिलं म्हंजे दोन्ही डोळ्यांनी. विजेची तार एकच दिसती का दोन, ते बघितलं. एक तिथंच बाद झाली. मग सुनेला म्हणलं, तू धर, हात खाली येईपर्यंत धर. आठपट मोठं दिसतं तर हाताची थरथर पण आठपटच मोठी होती. वीसपटीत तीच वीसपट होती, पाखरू जागेवर राहतच नाय. ह्यात राहिलं.

राहिल्या दोन. भर उन्हात दोन्ही सारख्याच दिसत होत्या. पण पाखरू काय भर दुपारी येतं का? मी माळ्यावर बसलेली बाई, मला ठाऊक हाय. ते येतं फटफटताना आणि दिवस कलताना. म्हणून मी दुकानाच्या पायरीवर बसले. दुकानदार म्हणला, आजी, घ्या आणि निघा. मी म्हणलं, दिवस बुडू दे. सगळी दुपार बसले. तो आतून चुळबुळत होता, आलेल्या प्रत्येकाला मी दिसत होते.

गल्लीच्या टोकाला पिंपळ हाय. उजेड उतरला तसं मी सुनेला म्हणलं, त्या पिंपळाच्या पोटात बघ, जिथं काळोख हाय तिथं. एकीत नुसता काळोख दिसला. दुसरीत ती म्हणली, "आत्या, पानं मोजता येतात. कावळा बसलाय, मान वाकडी करून." मी बघितलं. बसला होता. तीच घेतली. आमची जुनी त्याला दिली. नवी मोठीच्या मानानं स्वस्त होती, तरी वरचे पैसे त्यानं परत दिले नायत. तेपण गिळलं.

निघताना वळून बघते तर तो दुकानदार आमची ती जुनी दुरबीण फडक्यानं पुसून परत काचेच्या कपाटात ठेवत होता. दिव्याखाली, पुढच्या रांगेत. शेवटची एसटी सुटायला आली होती, सून हात धरून ओढत होती. मी आत जाऊन त्याचा हात धरायला पाहिजे होता. कुणाच्या पोरीच्या गळ्यात गेली असेल ती, ते मला माहीत नाय. हाच माझा राग हाय. दुरबीण वाकडी होती हे एक वेळ मानलं, कारखान्यात झाली असेल. पण वाकडी हाय हे कळल्यावर पुसून परत मांडायची?

आठ दिवसांनी परत तेच बेट, तेच लोक. जुन्या गाइडनं विचारलं, किती चमचे. सुनेनं दुरबीण लावली, हात थरथरला नाय.

"एक," म्हणली. "आणि त्याच्या मागं चिखलात चक्रवाकाची जोडी बसलीय. ते जुळे नायत, नर मादी हायत."

तो तरणा पुढं आला, आपल्या दुरबिणीतून बघितलं आणि खाली मान घालून मागं झाला. जुना म्हणला, उद्या सहाला या वहिनी, पुण्याची मंडळी यायची हायत.

त्या रात्रीच्या भाकरी मीच थापल्या. तिला म्हणलं, तू बस. दुरबिणीबरोबर आलेला पट्टा प्लास्टिकचा होता, तिच्या मानेला काचून लाल वळ उठला होता. गोफण मी कायम घरीच विणायची, सुताची, गोटा बसावा म्हणून मधी रुंद. तसाच पट्टा विणायला घेतला. ती बघत बसली होती. मग मी म्हणलं, "डोळ्याला वढ बसती म्हणलीस तेव्हाच मी ऐकायला पाहिजे होतं. चूक माझी होती."

 ती जवळ सरकली आणि सुताचं दुसरं टोक धरून बसली, म्हंजे मला वीण घट्ट ओढता यावी.