हाफिजाची चिठ्ठी

बिंदू चौकाच्या मागच्या बोळात हाफिजा जमादारचं दुकान आहे. दुकान म्हणजे रस्त्यावर उघडणारी एक खोली. भिंतीवर दहा-बारा जुन्या गिटारी टांगलेल्या, कोपऱ्यात पोट उघडून ठेवलेली एक बाजाची पेटी, आणि सगळीकडं लाकूड चिकटवायच्या सरसाचा वास. दारावरची पाटी अजून वडिलांच्या नावाची आहे. नवं गिऱ्हाईक आत येतं, चष्मा कपाळावर सारून लाकूड घासत बसलेली पन्नाशीची बाई बघतं आणि विचारतं, "मालक कुठं गेलेत?"

"मालक जाऊन बारा वर्षं झाली," हाफिजा म्हणते. "काम काय हाय ते मला सांगा."

तिचे वडील मीरासाब पेट्या दुरुस्त करायचे. कोल्हापुरात पेठेपेठेतनं ऑर्केस्ट्रा निघाले तशा त्यांच्याकडं गिटारी यायला लागल्या. कुणाची तार पिळायची चावी तुटलेली, कुणाची तारांखालची घोडी उखडलेली. हाफिजा शाळेतनं आली की वडिलांच्या शेजारी बसायची. भाऊ दुबईला गेला, त्याला या कामात रस नव्हता. लग्न गल्लीतच झालं, नवरा एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये, त्यामुळं तिचं बसणं काही सुटलं नाही. पुढं ऑर्केस्ट्रा बंद पडत गेले आणि गिटारी माळ्यावर चढल्या. वाजवणारे गेले की त्यांच्या बायका, पोरं त्या खाली काढून मीरासाबकडं आणायची. ते विकत घ्यायचे, नीट करायचे, पुन्हा विकायचे. आता तर जुन्या गिटारीचं वेड पुण्या-बेळगावच्या माणसांनाही लागलंय.

वेड आलं की मागनं लबाडी येतेच. नव्या गिटारीला चहाचं पाणी फासून म्हातारी करतात, जुनं लेबल छापून आत चिकटवतात. मीरासाबांनी यातलं काही केलं नाही. उलट गिटार विकताना तिच्या मानेला दोऱ्यानं एक चिठ्ठी बांधायचे. त्यात तिची फक्त खोट लिहिलेली असायची. "गुण वाजवल्यावर कळत्यात," ते म्हणायचे, "खोट सांगाय लागती." हाफिजानं ती पद्धत तशीच चालू ठेवली होती.

प्रसेनजीत सर तिच्याकडं आले ते चैत्रात. राधानगरीला हायस्कुलात गणित शिकवणारा, चाळिशीचा, बारीक अंगाचा माणूस. खांद्यावर गिटारीची पिशवी. ती त्यांनी बाकड्यावर ठेवली, पण चेन उघडली नाही.

"ताई, आधी एक विचारतो. जुनी गिटार जुनीच हाय, हे तुम्ही कशावरनं ओळखता?"

परीक्षा घ्यायला आलेत हे हाफिजाच्या ध्यानात आलं. तिला राग आला नाही. असा प्रश्न विचारणारा माणूस आधी कुठंतरी पोळलेला असतो.

"काढा तर बाहेर," ती म्हणाली.

तिनं बॅटरी पेटवली, दातांच्या डॉक्टरकडं असतो तसला छोटा आरसा गिटारीच्या पोटात घातला आणि सरांना जवळ बोलावलं. "हे बघा. लेबल पिवळं हाय, पण त्याच्या भोवतीचं लाकूड कोरं. कागुद म्हातारा आणि घर नवं, असं कसं? चाव्यांचे स्क्रू बघा, प्लसचे हायत. त्या काळात सरळ खाचेचे यायचे. आणि नाक लावून बघा. सरसाचा वास न्हाय, पांढऱ्या डिंकाचा हाय."

सरांनी खरंच नाक लावलं. मग खुर्चीत बसले. ही गिटार त्यांनी फोनवर फोटो बघून दिल्लीहून मागवली होती. त्याआधी एका मोठ्या शहरातल्या दुकानात असाच एकदा हात पोळला होता.

"जुनीच का पायजे?" हाफिजानं विचारलं.

सरांनी पाकिटातनं एक फोटो काढला. स्टेजवर निळा झेंडा, पुढं पाच-सहा माणसं, आणि कडेला गिटार घेऊन उभा असलेला एक हसरा तरुण. "माझे चुलते. गावोगाव भीमगीतांची पार्टी घेऊन जायचे. मला पहिला सूर त्यांनीच दाखवला. ते गेल्यावर गिटार कुणी नेली, पत्ताच लागला न्हाय. तीच मिळणार न्हाय हे कळतंय मला. पण तशी, त्या काळातली, त्या आवाजाची एक घरात असावी."

हाफिजानं फोटो खिडकीशी नेऊन पाहिला. गिटार कलकत्त्याच्या घडणीची होती. तशीच एक तिच्याकडं होती. मंगळवार पेठेतल्या अंबूबाईंनी, नवऱ्याच्या माघारी, वर्षापूर्वी आणून दिलेली. "जशी घेतली तशी हाय," असं अंबूबाईंनी सांगितलं होतं. हाफिजानं स्वतःही आरसा घालून पाहिलं होतं. सरस जुना, रंग जुना, स्क्रू सरळ खाचेचे.

सरांनी ती वाजवली. चुलत्यांच्या आवडीची एक चाल धरली आणि अर्ध्यातच थांबले. डोळे पुसायला त्यांनी चष्मा काढला.

चिठ्ठीत हाफिजानं लिहिलं: एक चावी बदललेली. मागच्या फळीला बोटभर चीर, भरून घेतली आहे. मान किंचित ओढलेली, त्रास नाही. बाकी सगळी मूळची.

सरांनी ती चिठ्ठी दोनदा वाचली आणि गिटार घेऊन गेले.

दिवाळी झाल्यावर एक दिवस केरबा सुतार दुकानात टेकले. मीरासाबचे जुने दोस्त, ऐंशीच्या घरातले. आता काम करत नव्हते, पण बाजाराला आले की चहाला यायचे. हाफिजा विकलेल्या गिटारींचे फोटो एका वहीत चिकटवून ठेवते. म्हातारा ती वही चाळत बसला होता. एका पानावर त्याचं बोट थांबलं.

"ही अंबूबाईच्या मालकाची न्हवं?"

"व्हय. राधानगरीच्या सरांनी नेली."

केरबा खूश होऊन हसले. "हिची वरची फळी मी केलीया. ब्याण्णव सालात. जत्रेत स्टेज मोडलं आणि हिच्यावर माणूस पडला की. फळीचा पार भुगा. मीरासाब तवा मिरजेला दवाखान्यात व्हता, म्हणून माझ्याकडं आणली."

हाफिजाच्या हातातली कानस थांबली. "मामा, नीट बघा. दुसरी असंल."

"माझं काम मी वळखणार न्हाय व्हय? ही घोडीच्या खालची लाकडाची नस बघ, वाकडी गेलीया. ती लपवाय मी किती घासलीती. सरस तुझ्या बापाच्याच डब्यातला, रंग बी जुन्या पद्धतीचा."

म्हणून तिला कळलं नव्हतं. नव्या लबाडीला पकडायच्या सगळ्या युक्त्या तिच्याकडं होत्या. पण केरबांनी लबाडी केलीच नव्हती. त्यांनी इमानानं जुन्यासारखं काम केलं होतं. अंबूबाई खोटं बोलल्या असं म्हणावं, तर नवऱ्याच्या गिटारीचं काय झालं हे बाईला कुठनं ठाऊक असणार. आणि चिठ्ठीत मात्र हाफिजाच्या अक्षरात लिहिलेलं होतं, बाकी सगळी मूळची.

"सांगाय जायाला पायजे," ती म्हणाली.

"कशाला?" केरबांना नवल वाटलं. "वाजतीया न्हवं? त्यांस्नी काय कळतंय? उगं खुळ्यासारखं करू नगंस."

"त्यांना कळत न्हाय म्हणूनच तर."

रविवारी ती राधानगरीच्या एस.टी.त बसली. उसाचा हंगाम. ट्रॅक्टरच्या मागनं गाडी रांगत होती, आणि हाफिजा मनात वाक्यं जुळवत होती. नवऱ्यानं सोबत येतो म्हटलं होतं, तिनंच नको म्हटलं. लाज एकटीनं भोगलेली बरी असं तिला वाटलं असावं.

सरांचं घर धरणाच्या रस्त्याला. गिटार बाहेरच्या खोलीत, ओल लागू नये म्हणून लाकडी कपाटात ठेवली होती. ताई घरी आल्या म्हणून सरांना आनंद झाला. पाणी आलं, चहा आला. हाफिजानं कप हातात घेतला नाही.

"सर, मी तुम्हाला चुकीचं लिहून दिलं," ती म्हणाली आणि सगळं सांगून टाकलं. केरबांनी काय केलं, आपण कसं फसलो, काहीही राखून ठेवलं नाही.

सरांनी कपाट उघडलं, गिटार काढली, आणि उजेडात धरून ती वाकडी नस शोधली. एकदा सांगितल्यावर ती लगेच दिसत होती.

"ताई, तुम्ही आला नसता तर मला जन्मात कळलं नसतं."

"व्हय."

"मग ही तिसरी बारी झाली म्हणायची," ते म्हणाले. आवाज चढला नाही, पण चेहरा उतरला होता. "तुमच्यावर राग न्हाय. पण आता मी हिला हातात घेतली की तेच आठवणार. घेऊन जाता का परत?"

"घेऊन जाया पिशवी आणलीया," हाफिजा म्हणाली. सरांचे पैसे तिनं सोबत आणले होते, ते तिथंच चुकते केले.

परतीच्या वाटेत गिटार मांडीवर होती. खरं बोललं की हलकं वाटतं म्हणतात. तिला काही हलकं वाटलं नाही. एका माणसाच्या घरातनं आपण चुलत्याचा आवाज उचलून आणला, एवढंच तिच्या मनात येत राहिलं.

दुकानात आल्यावर तिनं ती गिटार भिंतीला टांगली आणि नवी चिठ्ठी लिहिली. त्यात केरबा सुतारांचं नाव आणि ब्याण्णव साल घातलं. तेव्हापासनं जे तिला पक्कं ठाऊक नसतं, तिथं ती सरळ "माहीत नाही" असं लिहायला लागली. काही गिऱ्हाइकं ते वाचून परत फिरली. तिनं कुणाला अडवलं नाही.

फेब्रुवारीत, दुपारच्या वेळी, सर पुन्हा दारात उभे राहिले. या वेळी हात मोकळे होते.

"दोन ठिकाणी बघितल्या," ते म्हणाले. "एक पुण्यात, एक बेळगावात. दोन्ही मूळच्या, कागदपत्रं सुद्धा हायत. पण तो आवाज न्हाय. ती आहे का अजून?"

हाफिजानं गिटार खाली काढली. त्या दिवशी योगायोगानं केरबा चहाला बसलेले होते. हाफिजानं दोघांची ओळख करून दिली. केरबा जरा चपापले. आपल्यामुळं सौदा मोडला हे त्यांच्या कानावर आलं होतं.

सरांनी विचारलं, "मामा, फळी कुठली वापरली होती तुम्ही?"

"फळी व्हय?" केरबा सावरून बसले. "एका जुन्या बंगल्यात पियानो पडून व्हता, वाळवी लागल्याला. मालक म्हणला जाळाय न्या. आतली फळी तेवढी खणखणीत. गोऱ्या साहेबांच्या राज्यातली. तीच कापून घातली. पावणं, ती फळी तुमच्या गिटारीपरास म्हातारी हाय."

सर हसले. हाफिजानं त्यांना असं हसताना पहिल्यांदाच पाहिलं. त्यांनी गिटार मांडीवर घेतली आणि वाजवायला लागले. केरबांनी कान पुढं केला, डोळे मिटले, आणि थोड्या वेळानं म्हणाले, "तिसरी तार जराशी कुरकुरतीया. हाफिजा, घोडीला एक हात मार."

तिनं तिथल्या तिथं तारा सैल करून घोडी घासली. सर बाकड्यावर बसून तिच्या हातांकडं बघत राहिले. या वेळी त्यांनी काही विचारलं नाही, आरसाही मागितला नाही.

बुद्धपौर्णिमेला सरांच्या गावात कार्यक्रम होता. त्यांनी हाफिजाला आणि केरबांना बोलावलं. नवऱ्यानं मित्राची गाडी मिळवली आणि तिघं गेले. विहारापुढच्या मांडवात केरबा पहिल्या रांगेत बसले. सर तीच गिटार वाजवायला लागले तसं केरबा शेजारच्या अनोळखी माणसाकडं वळले आणि गिटारीच्या वरच्या फळीकडं बोट दाखवत त्याला काहीतरी सांगायला लागले. त्या माणसानं मान डोलावली, मग पलीकडच्याला सांगितलं. हाफिजा मागच्या रांगेत, बायकांच्यात बसली होती. तिथनं शब्द ऐकू येत नव्हते, पण पहिल्या रांगेतली डोकी एकेक करून केरबांकडं वळताना तिला दिसत होती.