धावपट्टीशेजारचा दहावा

दगडूची आणि जाईबाईची पहिली भेट झाली तेव्हा दोघांपैकी एकजण हवेत होता. कल्याणबाहेरच्या पडीक धावपट्टीवर जाईबाई भात वाळत घालत होती आणि दगडू उसन्या सायकलवर तोल सांभाळायला शिकत होता. सायकलला ब्रेक नव्हता आणि दगडूला दम नव्हता. तो भाताच्या राशीवर चढला आणि तिथून जो उडाला तो, सांगणाऱ्यांच्या मते, शहाडपर्यंत जाऊन नदी बघून परत आला आणि थेट जाईबाईच्या सुपात उतरला. तिने त्याच्या केसांतला दाणा न् दाणा वेचून घेतला आणि मगच लग्नाला होकार दिला.

पट्टीच्या कडेलाच त्यांनी घर बांधलं. शहर वाढत वाढत भोवती येऊन बसलं आणि एके दिवशी पट्टीला आपण विमानतळ असल्याची आठवण झाली. आधी भिंत आली, मग दिवे, मग विमानं. आळीतल्या लोकांना अर्ध्या वाक्यात थांबायची सवय लागली. विमान गेलं की उरलेलं वाक्य बोलायचं. तेवढ्यात पुष्कळ भांडणं विरून जायची. दगडू ओट्यावर बसून विमानांची पोटं बघायचा. त्याला वाटायचं, आपण तळ्याच्या तळाशी राहतो आणि डोक्यावरून मोठाले मासे निवांत पोहत चाललेत. जाईबाई म्हणायची, मासे असते तर निदान कालवण तरी झालं असतं.

मग विस्तार निघाला. पट्टी लांबणार, आळी जाणार, बदल्यात वर्तकनगरला फ्लॅट. मुलगा सर्वेश त्या न पाहिलेल्या भिंतींचे रंग ठरवून बसला. जाईबाई नाही म्हणाली, आणि नाही म्हणता म्हणताच माघात गेली. सही दगडूची व्हायची होती.

दहाव्याला आळीमागच्या तळ्याकाठी पिंड मांडला. कावळा शिवेना. शिवायला तो असायला तर हवा! पक्षी विमानांना आडवे येऊ नयेत म्हणून विमानतळवाल्यांनी गॅसच्या तोफा लावल्या होत्या. त्या धडाडल्या की आळीचं काळीज हलायचं. कावळ्यांनी तर केव्हाच दिवा स्टेशनला बिऱ्हाड हलवलं होतं, भाडं कमी म्हणून असेल. पण दहाव्याला असली कारणं कोण ऐकतो? जाईबाईचा जीव अडकलाय असं ठरलं आणि एकेकाने तिला शब्द द्यायला सुरुवात केली. सर्वेशने गुटखा सोडला. सून मेघनाने कालवणात सासूच्या मापाने कोकम घालायचं कबूल केलं. जाईबाईची बहीण रंगूबाई हिने मागे नेलेली परात परत करायचं मान्य केलं, याची कावळ्याने नाही तरी मेघनाने लगेच दखल घेतली.

शेवटी सगळे दगडूकडे बघायला लागले. तो पुढे झाला, हात जोडले.

"जाई, मी घर देत नाय. सही करीत नाय. तू जा आता."

तेवढ्यात विमान आलं. सगळे सवयीने गप्प झाले. त्याची सावली आळीवरून, मग पाण्यावरून सरकत आली आणि पिंडावरून अलगद निघून गेली. भाताची शितं क्षणभर निळसर दिसली.

"बाबा, विमान शिवलं," सर्वेश हळूच म्हणाला. "म्हणजे आईचा विमानतळाला होकार आहे."

"सावलीला चोच कुठंय रे, मेल्या?" रंगूबाईने विचारलं.

यावर दोन तट पडले. गुरुजींना डोंबिवलीत दुसरा दहावा होता. त्यांनी मुकाट्याने दर्भाचा कावळा वळायला घेतला. दगडूचं कशातच लक्ष नव्हतं. पाण्यावरचा तरंग अजून विरला नव्हता आणि त्याला तिच्या लुगड्याचा काठ सळसळल्यासारखा वाटत होता. सावली आली कुठून, हे त्याने नीट पाहिलं होतं. ती त्याच्या घरावरून आली होती.

"गेली ती," तो म्हणाला. "जाताना घर बघून गेली."

गुरुजींनी दर्भाचा कावळा पिंडाला टेकवला आणि मंडळी जेवायला उठली.

दगडूने सही केली नाही. आळी सक्तीने ताब्यात घेतली गेली आणि वैशाखात घर पाडलं. तो आता वर्तकनगरला पाचव्या मजल्यावर राहतो.