उतरलेली पट्टी

दलसिंगच्या ऑर्केस्ट्राचं यंदाचं पोस्टर शहाद्याच्या स्टँडसमोर लागलं, तेव्हा तुळशीबाई भाजीची पिशवी घेऊन घरी निघाली होती. पोस्टरवर सुरतची गायिका सोनम होती, खांद्यापर्यंतचा मोठा फोटो. तिच्याखाली धुळ्याचा एक गायक, सोनगडची जोडी आणि मोबाईलवर गाजलेला कुठलासा पोरगा. वर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'यंदाच्या सीझनला प्रत्येक कार्यक्रमात पाहुणे कलाकार'. तुळशीबाईने आपलं नाव शोधलं नाही. ते नसणार, हे दलसिंगने आधीच सांगून टाकलं होतं.

"वाईट मानू नको, तुळशी," तो म्हणाला होता. "लोकेस्ले आते नवा चेहरा लागस. तुन्हं शेवटलं गाणं तुन्हंच शे. पन महिनाभर प्रॅक्टिस तुले करनी पडी."

प्रॅक्टिस म्हणजे काय, ते तिला चांगलं ठाऊक होतं. पाहुणे कलाकार कार्यक्रमाच्या दिवशी गाडीतून उतरतात, चहा घेतात आणि स्टेजवर चढतात. त्यांची गाणी वाजवणाऱ्यांच्या बोटांत बसवायची, तर कुणीतरी ती रोज गायला हवीत. सोनमची, सोनगडवालीची, सगळ्यांची गाणी तुळशीबाईने गायची, आणि ती बसली की बाजूला व्हायचं. बदल्यात कार्यक्रमाच्या शेवटी नवरीच्या पाठवणीचं गाणं तिचं. ते ऐकायला बायका मुलांना मांडीवर झोपवून बसून राहत.

तिने हो म्हटलं. नाही म्हणण्यासारखं काही नव्हतं, आणि एक भीतीही होती. बोलणं संपवून उठता उठता दलसिंग म्हणाला होता, "गळा दमना तर निशाले धाडी दे. पोरना आवाज तुन्ह्याथीन गोड शे."

"ती शिकी ऱ्हायनी, भाऊ."

"शिकू दे ना. मी कोठे नही म्हनस?"

निशा तिची मुलगी, नंदुरबारला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. हॉस्टेलवर राहायची. सुट्टीत घरी आली की भांडी घासता घासता गायची, आणि तुळशीबाई मुद्दाम टीव्हीचा आवाज वाढवायची.

तुळशीबाई स्वतः एका रात्रीपुरती ऑर्केस्ट्रात आली होती. ती ब्राह्मणपुरीची. शाळेत प्रार्थना सांगायची, लग्नात हळदीची गाणी म्हणायची, एवढंच. एका यात्रेत दलसिंगची गायिका ऐन वेळी आली नाही, तेव्हा तो गावात विचारत विचारत तिच्या भावाकडे, शिवाजीकडे आला. "आजनी एक रात, बस," म्हणाला. शिवाजीने हो म्हटलं, आईने लुगड्याची घडी मोडून दिली. तिला कुणी विचारल्याचं तिला तरी आठवत नाही. त्यानंतर कार्तिकातल्या तुळशीविवाहापासून वैशाखातल्या आखाजीपर्यंतचे सगळे सीझन तिने दलसिंगच्या टेम्पोत काढले. साउंडच्या पेट्यांवर पाय पोटाशी घेऊन झोपायचं, उजाडताना घरी येऊन चूल पेटवायची. स्टेजखालून कोण काय बोललं, ते ऐकूनही सूर सोडायचा नाही. नवरा ईश्वर साखर कारखान्यात होता, समजूतदार होता. पण त्याच्या घरातल्या बायका तिला कधी नावाने हाक मारत नसत. 'आमनी ऑर्केस्ट्रावाली' म्हणत, हसून म्हणत. निशासाठी येणारं स्थळही तेच म्हणून उठून जाईल, हे तिला लख्ख दिसायचं. म्हणून गळा दमायला नको होता. निदान तो दमल्याचं कुणाला कळायला नको होतं.

गळा पहिल्याच आठवड्यात दमला.

सोनमची गाणी उंच. तिने फोनवर आपली पट्टी सांगितली होती, म्हणजे कुठल्या सुरापासून तिचा आवाज सुरू होतो ते, आणि ऑर्गन वाजवणाऱ्या मगनने त्याच पट्टीत सुरुवात केली होती. रोज दुपारी दलसिंगच्या गोडाऊनमध्ये तुळशीबाई उभी राहायची आणि वरच्या सुरावर जाताना मान उचलायची. एका दुपारी तिथे तिचा आवाज फाटला. तिने खोकल्याचं निमित्त केलं.

मगनने ऑर्गनचं एक बटण दाबलं आणि गाणं पुन्हा धरलं. या वेळी वरचा सूर तिला हाताशी सापडला. तिने त्याच्याकडे पाहिलं. तो खाली मान घालून वाजवत होता.

"जामसिंग, तार जराशी उतार," तो गाणं झाल्यावर म्हणाला.

जामसिंग बेंजो वाजवायचा. ऑर्गनला बटण असतं, बेंजोला तारा पिळाव्या लागतात. "आते बेंजोले बी गरम पानी पाजनं पडी का?" तो म्हणाला, आणि त्याने खुंट्या सैल केल्या.

चार दिवसांनी पुन्हा तेच झालं. मग पुन्हा. सैल तारा खरखरायला लागल्या, तेव्हा जामसिंगने जाड तारा चढवल्या. दलसिंग गोडाऊनमध्ये यायचा तो फोन कानाला लावून, सुपाऱ्यांची बोलणी करत. दोन गाणी ऐकायचा, "मस्त शे" म्हणायचा आणि निघून जायचा. गाणी सुरेखच बसली होती. फक्त ती आता सोनमच्या गळ्याची राहिली नव्हती. हे मगनला कळत होतं, तुळशीबाईलाही कळत होतं. आज सांगू, उद्या सांगू, असं दोघांचंही चाललं होतं. शेवटी शेवटी तर ती पट्टीच खरी वाटायला लागली.

मुहूर्ताचा कार्यक्रम शहाद्याबाहेरच्या मैदानावर होता. दरवर्षी सीझन असाच उघडतो. दिवस मावळायच्या आधी नारळ फोडून वाद्यांना कुंकू लावायचं, आणि मग गावोगावचे लोक खाली बसून ऐकतात. आवडलं तर लग्नाची, यात्रेची सुपारी तिथेच ठरते. निशा दिवाळीच्या सुट्टीला आलेली होती, दुसऱ्या दिवशी परत जाणार होती. "मी बी येस," म्हणाली आणि आली. ब्राह्मणपुरीहून फुलवंताबाई आली होती, माहेरची शेजारीण. तिने पुढची सतरंजी धरली होती.

"आम्ही त्या सुरतवालीकरता नही येल," ती तुळशीबाईला म्हणाली. "तू रडावस, म्हनीसन येल शेतस. पदर कोरा लई येल शे मी."

मुहूर्ताला पाहुणी म्हणून एकटी सोनम होती; ती उन्हं उतरताना आली. पोस्टरपेक्षा बारीक होती, प्रवासाने थकलेली. स्टेजमागे तिने एक गाणं नुसतं गुणगुणून पाहायला घेतलं आणि पहिल्याच ओळीत थांबली. पुन्हा घेतलं. खालच्या सुरांवर तिच्या तोंडून नुसती हवा येत होती.

"ये मेरा स्केल नहीं है, भैया," ती म्हणाली.

मगनने पटकन बटण दाबून ऑर्गन वर नेला. जामसिंगने तारा पिळायला घेतल्या. जाड तारा त्या, वर जाईनात. एक तुटली, तिच्यामागे दुसरी. नव्या तारा धुळ्याशिवाय मिळत नाहीत, आणि बेंजोशिवाय आपल्याकडे कुणी उठून नाचत नाही. जामसिंगने उरलेल्या दोन तारांवरून हात काढून घेतला. "ह्या आठेच, ह्याच पट्टीत वाजतीन," म्हणाला. "वर नेसू तर ह्या बी जातीन."

दलसिंगने फोन खिशात ठेवला. त्याने तो खिशात ठेवलेला तुळशीबाईने फार दिवसांत पाहिला नव्हता.

"कोनी उतारी पट्टी?"

"मी उतारी," मगन म्हणाला.

"काबरं?"

तुळशीबाईच म्हणाली, "मन्ह्याकरता. मन्हा गळा वर जाई नही ऱ्हायना."

दलसिंग ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो तिच्याकडे पाहत राहिला, मग त्याची नजर तिच्यावरून घसरून मागे गेली. तिथे पेट्यांना टेकून निशा उभी होती, आणि तिला ही सगळी गाणी पाठ आहेत हे ऑर्केस्ट्रातल्या सगळ्यांना माहीत होतं. सुट्टीत घरी आईचं गुणगुणणं कानावर पडलं की पाठ होतातच.

"पोरगी गाई देयी," दलसिंग म्हणाला. "तिले ही पट्टी जमी. आजनी एक रात, बस, तुळशी."

तेच शब्द, शिवाजीच्या दारात म्हटलेले. तुळशीबाई निशाच्या पुढे येऊन उभी राहिली.

"नही," ती म्हणाली. "मीच गासू. मांगे बठीसन."

सोनमला आधी कळलं नाही. मगनने हिंदीत समजावलं. पेट्यांच्या मागे काळा पडदा होता, तिथे दुसरा माईक लावायचा. तुळशीबाईने आत बसून गायचं, सोनमने पुढे ओठ हलवायचे. सोनम जराशी लाजली. "सूरत में भी हो जाता है कभी," म्हणाली, आणि पर्समधून खडीसाखर काढून तिने तुळशीबाईच्या हातात ठेवली. "दीदी, आराम से गाना. मैं आपको सुन के साँस लूँगी."

कार्यक्रम चांगला झाला. लोक सांगतात, सोनम काय गायली. जामसिंगने दोन तारांवर सगळं निभावलं, पोरं धुरळा उडेपर्यंत नाचली. पडद्यामागे तुळशीबाई प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसली होती, एक हात गळ्यावर, एक मांडीवर. प्रत्येक गाणं संपलं की निशा तिच्यापुढे पाणी धरायची. गाणी पुढे गेली तसं तुळशीबाईला कळत गेलं, की शेवटच्या गाण्याला गळ्यात काही उरणार नाही. तिने ते कुणाला सांगितलं नाही. आवाज जपून गाता आलं असतं, पण जपून गायलं असतं तर दलसिंगने पडद्यामागे डोकावून पुन्हा निशाकडे पाहिलं असतं.

शेवटी नाव पुकारलं गेलं. ती पुढे आली. फुलवंताबाईने खरंच पदर हातात घेतला होता. मगनने तिच्याकडे न पाहता बटण दाबलं, आणखी खाली नेलं. तिने पहिला शब्द उचलला आणि घोगरा, सुका आवाज बाहेर आला, दारू पिऊन झोपून उठलेल्या माणसासारखा. दुसरी ओळ आलीच नाही. मगनने ती ऑर्गनवर वाजवली, तिसरीही वाजवली. लोकांना वाटलं, आता येईल. मागून कुणीतरी शिट्टी मारली. तुळशीबाईने हात जोडले आणि ती उतरली.

"काय व्हयनं तुले?" फुलवंताबाईने विचारलं.

तुळशीबाईने गळ्याकडे बोट दाखवलं.

"पुढल्या येळे मंग," फुलवंताबाई म्हणाली, आणि कोरा पदर डोक्यावर घेऊन चपला शोधायला लागली.

दलसिंग खाली तारखा लिहून घेत होता. सुपाऱ्या झाल्या होत्या. सगळ्यांना सोनम हवी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुळशीबाई निशाला स्टँडवर पोचवायला आली. डब्यात भाकरी होती, शेंगदाण्याची चटणी होती. नंदुरबारची गाडी लागलेली होती. समोर ते पोस्टर होतं, एका कोपऱ्यातून सुटलेलं.

"माय," निशा म्हणाली, "त्या दलसिंगभाऊनी तुले इचारं. तू त्याले नही म्हनी. माले कोनी इचारंच नही."

तुळशीबाईकडे बोलायला आवाज नव्हता, फक्त कुजबुज होती. "तुले गावानं व्हतं का?"

निशाने बॅग खांद्यावर चढवली.

"नही," ती म्हणाली. "परवा परीक्षा शे. पन इचारतीस तर बरं वाटतं."

ती गाडीत चढली, खिडकीशी बसली. तुळशीबाईने खालून डबा वर दिला. गाडी निघेपर्यंत दोघी दुसऱ्याच कशावर तरी बोलत राहिल्या: हॉस्टेलचं पाणी, थंडी, स्वेटर. गाडी वळली, तेव्हा पिशवीतला फोन वाजला. दलसिंग होता. सोनगडच्या जोडीची गाणी बसवायची होती, दुपारी येशील ना, विचारत होता.

तिने उत्तर द्यायला तोंड उघडलं. आवाज आला नाही. पलीकडे तो "हॅलो, हॅलो" करत राहिला. ती फोन कानाला लावून बाकावर बसली आणि त्याने ठेवून द्यायची वाट पाहू लागली.