पहिला घास शम्माचा

त्या हिवाळ्यात घरात दोघींचं वजन वाढलं. त्यातल्या एकीचंच रोज सकाळी काट्यावर मोजलं जायचं, म्हणून सगळा घोटाळा बाहेर आला.

मोजली जायची ती शम्मा, बाबांची ससाणी. बाबा म्हणजे आमचे कतारी मालक. इथे घरकाम करणारी माणसं मालकाला बाबा आणि मालकिणीला मामा म्हणतात. (पहिल्या वर्षी त्या बाईंना मामा म्हणताना मला आमचा चिपळूणचा मिशीवाला मामा डोळ्यांपुढे यायचा. मान खाली घालून बोलायची सवय लागली ती तेव्हापासून!) दोहातल्या अल गराफा भागातल्या त्यांच्या बंगल्यात मी स्वयंपाक करते, आमचे हे गाडी चालवतात आणि मागच्या अंगणातल्या खोलीत आम्ही दोघं राहतो. नऊ वर्षांत मी बाबांशी 'हां जी' आणि 'नही जी' यापलीकडे बोलले नव्हते. एक तर मी मुळात बुजरी. त्यात बाबांची हिंदी आणि माझी हिंदी, दोघीही चौथीनंतर शाळेत गेलेल्या नाहीत.

बाबा शिकारी. पोटासाठी नव्हे, हौसेसाठी. शिकारीबद्दल त्यांची मतं ठाम होती, आणि बाबांची मतं गाडीत ऐकून ऐकून ती आमच्या ह्यांचीही झाली होती. खोलीत बनियनवर बसून हे मला सांगायचे, "बंदुकीची शिकार ही काय शिकार? घोडा दाबला की खलास! वाट बघितली कुठे माणसानं?" कधी म्हणायचे, "आजकालची पोरं पक्ष्याला ड्रोनवर शिकवतात. मग पक्षी ड्रोनचंच ऐकणार ना!" चहा लाकडावरचाच, गॅसवरचा म्हणजे काढा, हेही मत. शिकारीला मादीच लागते, हे आणखी एक. "मादी मोठी असते, जिद्दी असते आणि कुणाचं ऐकत नाही," असं म्हणून हे माझ्याकडे बघायचे. (या माणसाला गावी पाहुणे आले तेव्हा कोंबडी धरता आली नव्हती. शेवटी कोंबडीच ह्यांच्या मागे लागली आणि मी ती टोपलीखाली घातली!)

या मतांमध्ये एक मत फार महत्त्वाचं होतं. हे मला ते रोज ऐकवायचे. "भुकेला पक्षी मालकाचा, पोट भरलेला पक्षी आभाळाचा." पण नवऱ्याची मतं बायको जशी ऐकते तशी मी ती ऐकली. म्हणजे भाकरी थापत थापत.

त्या वर्षी बाबांचे गुडघे गेले, आणि शम्माचं वजन-खाणं बघायचं काम ह्यांच्याकडे आलं. डॉक्टरांनी सांगितलं, हिवाळा संपला की ऑपरेशन, आणि मग वाळूत पाय टाकायचा नाही. बाबांच्या मुलांना शिकारीची आवड नाही. एकाला फुटबॉल, दुसऱ्याला मोबाईल. म्हणून ही शेवटची शिकार होती. शम्माला बाबांनी स्वतः तीन हिवाळे शिकवलं होतं. पहाटे हातमोजा घालून तिला घेऊन बसायचे, तिच्याशी बोलायचे. मामा म्हणायच्या, "माझ्याशी आयुष्यात एवढं बोलले नाहीत." आणि शम्माने अजून होबारा धरला नव्हता. होबारा म्हणजे आपल्या माळढोकाच्या जातीतला मोठा पक्षी. त्याला ससाण्याने धरणं ही इथल्या शिकाऱ्याची सगळ्यात मोठी गोष्ट. परवान्याचे दिवस मोजके. बाबा ह्यांना म्हणाले होते, "एक होबारा, बस. फिर खलास. फिर मैं घर बैठेगा."

आता माझं सांगते.

माझ्या सासूबाईंची शिकवण होती, पानातला पहिला घास मुक्या जिवाला द्यायचा. गावी दारात गाय होती, गाय नसली तर कावळा होता. गाईने घास घेतल्याशिवाय आमच्या घरात कुणी जेवलं नाही. इथे गाय कुठली? कावळ्यासाठी भिंतीवर भात ठेवला तर मामांनी मुंग्या येतात म्हणून मला ओरडून सांगितलं. नऊ वर्षं मी तशीच जेवत होते, आणि रोज मनाला टोचत होतं.

त्या हिवाळ्यात शम्माला दुपारचं ऊन द्यायला अंगणात, माझ्या स्वयंपाकघराच्या मागच्या दारासमोर ठेवायला लागले. मी पायरीवर ताट घेऊन बसले की समोर ती. लाकडी बैठकीवर ताठ, मोठे काळे डोळे, आणि बघायची थेट माझ्या ताटात! मला घास गिळवेना. भात तर ती खात नाही. मग मी उठले आणि कोंबडी साफ करताना बाजूला काढलेलं एक काळीज चिमट्यात धरून तिच्या पुढे केलं. तिने ते इतक्या अदबीने घेतलं! मी मनात हात जोडले आणि नऊ वर्षांनी पहिल्यांदा शांतपणे जेवले.

दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी पुन्हा. याला खायला घालणं म्हणतात, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. घास म्हणजे घास. स्वयंपाक करताना मी चव बघते ते कुठे जेवण असतं? (चव बघून बघून माझे ब्लाऊज उसवायला आले होते, पण तो विषय वेगळा.)

आठवड्याने एका सकाळी अंगणातून ह्यांचा आवाज आला.

"अगो, काटा बिघडला!"

"काय झालं?"

"चाळीस ग्रॅम जास्त दाखवतोय. शम्मा काय हवा खाऊन फुगली?"

ह्यांनी काट्याचे सेल बदलले. काट्याने पन्नास दाखवले. ह्यांनी माझी साखरेची पिशवी नेऊन मोजली. साखर बरोबर भरली. नवा काटा आणला. नव्या काट्यावर साखर बरोबर आणि शम्मा साठ! मग ह्यांनी तिचं संध्याकाळचं खाणं निम्मं केलं. रात्री मला म्हणाले, "उपाशी ठेवल्याशिवाय उतरायची नाही."

'उपाशी' हा शब्द मात्र मी नीट ऐकला. दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिला दोन काळजं दिली. एक नेहमीचा घास, आणि एक ह्यांच्या पापाचं प्रायश्चित्त.

शेवटी तिला पक्ष्यांच्या दवाखान्यात नेलं. हे सांगत होते, तिथे माणसं हातावर पक्षी घेऊन नंबर लावून बसतात आणि कुणी कुणाशी बोलत नाही. शम्माचा एक्स-रे झाला, रक्त तपासलं, पोट दाबून बघितलं. (माझी कंबर धरली होती तेव्हा मला पेनकिलरची गोळी मिळाली होती!) डॉक्टरांनी रिपोर्ट दिला, पक्षी एकदम ठणठणीत आहे, फक्त खातो जास्त.

बाबांनी स्वयंपाकघराच्या दारातच ह्यांना उभं केलं.

"तू देता इसको?"

"वल्ला, नही बाबा! मैं तो आधा कर दिया!"

"तो कौन देता? जिन्न देता?"

मी त्यांच्या मागे दोन हातांच्या अंतरावर भांडी घासत उभी होते. तेव्हा मला कळलं की जिन्न मीच. तोंड उघडलं असतं तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. 'बाबा, माझी चूक झाली,' एवढं एकच वाक्य. पण माझी जीभ टाळूला चिकटली. ह्यांनी मान खाली घातली, बाबा गुडघा धरून निघून गेले आणि मी तेच पातेलं तिसऱ्यांदा घासलं. त्या पातेल्याची आठवण आली की मला अजून खाली मान घालावीशी वाटते.

मग मी ठरवलं, घास बंद. वजन आपोआप उतरेल, शिकार होईल, कुणाला काही कळणार नाही. वजन खरंच उतरायला लागलं. हे शीळ घालायला लागले. पण शम्माला कुठे ठाऊक की मी ठरवलंय? मी दारात दिसले की ती चोच वासून किंचाळायची! एवढ्या मोठ्याने की मामा वरच्या खिडकीतून डोकावायच्या.

"क्या हुआ उसको?"

"मालूम नही जी."

मी मागच्या दाराने जायचं सोडलं. कचरा पुढच्या दाराने न्यायला लागले. एकदा मामांची जुनी काळी अबाया अंगावर घेऊन, तोंड झाकून, भिंतीच्या कडेकडेने निघाले. शम्माने मला तरीही ओळखलं. गावची माणसं मला लग्नात नव्या साडीत ओळखत नाहीत, आणि हिने नुसत्या चालीवरून ओळखलं!

शिकारीच्या दिवशी सकाळी ह्यांनी शेवटचं वजन केलं. हे नाचायचेच बाकी होते. "बरोब्बर! ग्रॅमचा फरक नाही! अगो, आज होबारा पडला म्हणून समज!" असं म्हणून हे गाडी आणायला गेले. मी डबे घेऊन अंगणातून चालले होते, तोच शम्मा किंचाळायला लागली. आतून बाबांच्या काठीचा आवाज जवळ येत होता. ते बाहेर आले आणि ती माझ्याकडे बघून ओरडताना त्यांना दिसली, तर सगळंच उघडं पडणार. डब्यात मॅरिनेट करायची कोंबडी होती. मी मूठभर तुकडे तिच्यापुढे टाकले. तिने गिळले. गप्प बसली. मीही.

शेवटची शिकार म्हणून मामासुद्धा आल्या होत्या, म्हणून वाळवंटात स्वयंपाकाला मी. बाबांचे गुडघे चालू देत नाहीत म्हणून तंबूपासून थोड्याच अंतरावर सगळं ठरवलं होतं. मी मसाल्याचा डाव हातात घेऊन तंबूच्या दारात उभी राहिले. बाबा गाडीतून उतरले तेव्हा त्यांनी काठी ह्यांच्या हातात दिली. काठीशिवाय ते दहा-बारा पावलं चालले. त्या दहा पावलांत ते मला तरुण दिसले.

झुडपातून होबारा उठला. बाबांनी शम्माच्या डोळ्यांवरची टोपी काढली आणि हात उंचावला. ती उडाली. काय उडाली! हे ओरडले, "यल्ला, शम्मा, यल्ला!" ती वर गेली, एक मोठी घिरटी घेतली, खाली बघितलं. होबारा पळत होता. आणि शम्मा वळली.

होबाऱ्याकडे नाही. तंबूकडे.

मला वाटलं वारा असेल. मग वाटलं, ती मामांकडे येतेय. मग मी डोळेच मिटले. उघडले तेव्हा ती माझ्यापासून हातभर अंतरावर, कोंबडीच्या बर्फाच्या पेटीवर बसली होती आणि माझ्याकडे बघून चोच वासून किंचाळत होती. पोलिसांनी ओळख परेड घेतली असती तरी एवढं स्पष्ट बोट कुणी दाखवलं नसतं!

सगळे वळले. होबारा तिकडे टेकाडामागे दिसेनासा झाला. हे धावत आले, माझ्याकडे बघितलं, पेटीकडे बघितलं, आणि एवढंच म्हणाले, "अगो... तू?"

बाबा मागून येत होते. काठी ह्यांच्याच हातात राहिली होती, म्हणून फार हळू येत होते. माझ्यासमोर येऊन थांबले.

"तू देता था?"

नऊ वर्षांत पहिल्यांदा मी बाबांशी बोलले, आणि बोलले ती थांबेचना. "बाबा, हमारे गाव में पहला घास गाय को देता है. इधर गाय नही. कावळा मामा को नही चलता. ये सामने बैठती थी. मेरे को गिळा नही जाता था. दवाखाने के दिन बोलनेवाली थी, जीभ नही उठी. सुबह भी दिया, डर से दिया." रडत होते, आणि हातातल्या डावातला मसाला वाळूत पडत होता.

"कित्ता दिन?"

"दीड महिना."

बाबांनी शम्माला हातावर घेतलं. ती गेली, पण मान वळवून माझ्याकडेच बघत होती. बाबा तिला अरबीत काहीतरी हळू बोलले. मी नंतर ह्यांना विचारलं, काय म्हणाले? हे आधी सांगेनात. मग म्हणाले, "ते म्हणाले, मी तुला तीन वर्षं उपाशी ठेवून शिकवलं. तुझी चूक नाही."

परवान्याचे दिवस संपले. महिन्याभरात ऑपरेशन झालं. बाबा आता काठी घेऊन मजलिसपर्यंत, म्हणजे पुरुषांच्या बैठकीच्या खोलीपर्यंत जातात, तेवढंच. मला त्यांनी कामावरून काढलं नाही, रागावलेही नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. हे मात्र आठ दिवस बोलले नाहीत. नवव्या दिवशी भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "वजन मी करायचो, एक्स-रे मी काढला, रोज हातावर मी घ्यायचो. मला बघून ती एकदा तरी ओरडली?"

गुरुवारी तिथे बाबांचे शिकारी मित्र जमतात. मग जुन्या हिवाळ्यांच्या गोष्टी निघतात, कुणाच्या पक्ष्याने किती होबारे धरले, कुठे धरले. मी चहाचा ट्रे घेऊन दाराआड उभी असते. बाबांची पाळी आली की ते एकच गोष्ट सांगतात, सगळे मांड्या थोपटून हसतात, आणि हे स्वयंपाकघरात येऊन मला मराठीत सांगतात. "बाबा म्हणाले, माझ्या शम्माने जन्मात एकच शिकार धरली. माझी स्वयंपाकीण!"

मीही पदराआड हसते. पण मनात येतं, बाबांना आयुष्यातली शेवटची शिकार मिळाली ती अशी. होबारा निदान पळाला तरी. मी हातात डाव घेऊन जागच्या जागी उभी राहिले!