गच्चीवरचा जवळा

डहाणूच्या किनाऱ्यावर चंद्रावतीबाईंचे शत्रू दोनच, कुत्रा आणि कावळा. वाळूवर जवळा, ती बारीक कोलंबी, सुकत घातला की बाजारात न्यायला निम्माच उरायचा. म्हणून बाई बांबूची शिडी लावून समाजमंदिराच्या सपाट गच्चीवर जवळा सुकवत. कुत्र्याला शिडी चढता येत नाही, आणि कावळ्याला बाईंचा आवाज पुरे.

त्या हिवाळ्यात भूकंपाचे धक्के सुरू झाले आणि आधीच म्हाताऱ्या समाजमंदिराला भेगा पडल्या. दुरुस्त करायचं की पाडून नवं बांधायचं, ते ठरवायला इंजिनीअर येणार होता. नवं बांधलं तर वर उतरते पत्रे येणार, अशी आवई उठली. उतरत्या पत्र्यावर जवळा कसा राहील? 

मग त्यांनी घरातली, शेजारच्या कमळीची, कमळीच्या माहेरचीसुद्धा देवांची कॅलेंडरं गोळा केली आणि एकेका भेगेवर टांगली.

इंजिनीअर पोरगेला, त्यात देवभोळा. चपला बाहेर काढून आला आणि हातोडी ठोकायची सोडून भिंतीभिंतीला नमस्कार करत सुटला.

"मावशी, गणपती गुडघ्याशी का लावलाय?"

"बसलेला हाय ना, साहेब."

"आणि मारुती तिरका?"

"उडतोय!"

इंजिनीअरला पटलं. दुरुस्तीवर भागेल, असं तो म्हणणार, तोच जमीन हलली. मारुती खरोखरच उडाला. त्याच्या मागच्या भेगेतून कमळीची चूल दिसली. इंजिनीअर आणि बघायला जमलेले सगळे बाहेर पळाले. चंद्रावतीबाई तेवढ्या शिडीवरून वर पळाल्या, कारण जवळा वर होता.

दुसऱ्या धक्क्याला शिडी पडली. पायाखालची गच्ची कुरकुरली आणि कावळ्यांना न भ्यालेली ती बाई मनापासून घाबरली.

"पाडा रे, पाडा ह्याला!" त्या ओरडल्या. "पण आधी मला उतरवा!"

इंजिनीअरने धावत येऊन शिडी लावली आणि घट्ट धरली. बाईंनी एक पाय शिडीवर टाकला. मग थांबल्या.

"साहेब, नव्याला पत्रे का गच्ची?"

"मावशी, आधी खाली या!"

"पत्रे का गच्ची?"

जमीन पुन्हा जराशी हलली.

"गच्ची!" इंजिनीअर किंचाळला. "सपाट गच्ची! जिन्यासकट लिहून देतो!"

"मग ही टोपली धरा," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी आधी जवळा उतरवला.