शिरस्तेदार आणि सीलबंद भोपळा

एजिदियो लापोल्ला आमच्या रोकासेरानाच्या छोट्या कोर्टात एकतीस वर्षं शिरस्तेदार होते. कोर्टाच्या समोरच माझा कॉफीबार. रोज सकाळी आठला दहा कमी असताना ते यायचे, उभ्याउभ्या एक कॉफी प्यायचे, पैसे ठेवून निघायचे. कुणी म्हटलं, "साहेब, आजची माझ्याकडून," की हात आडवा. "ज्याची केस त्याची कॉफी नको." अहो, पण आमच्या गावात केस नसलेला माणूस दाखवा! माझीच एक चालू होती, शेजारीण कुंड्यांचं पाणी माझ्या धुण्यावर सोडायची म्हणून. त्यामुळे मीसुद्धा त्यांना कधी साधं बिस्कीट देऊ शकले नाही. माणूस भिंतीकडे तोंड करून एकटा कॉफी प्यायचा, आणि मला भारी राग यायचा.

पण कोरडा माणूस नव्हे हं. कुणी धापा टाकत येऊन ओरडलं, "साहेब, त्याने मला मारलं!" की हे शांतपणे विचारणार, "हात लागला की नुसता उगारला?" उगारला तर धमकी. लागला पण इजा नाही, तर मार. अंगाला इजा झाली तर दुखापत. आणि दुखापत किती मोठी, ते डॉक्टर दिवसांत लिहिणार. हे सगळं ते माझ्या काउंटरवर भांडी मांडून समजवायचे. कॉफीचा इवलासा कप म्हणजे थप्पड. दूधकॉफीचा मोठा कप म्हणजे वीस दिवसांच्या आत बरी होणारी दुखापत. वाइनचा ग्लास वीसच्या वरची, बाटली चाळीसच्या वरची, ती गंभीर. डोळा किंवा हात कायमचा गेला, तर त्याहून वरची, तिला त्यांना भांडंच सापडायचं नाही.

सगळ्यात शेवटी पाण्याचा जग. त्याला हात लावताना त्यांचा आवाज खाली यायचा. "माणूस मेला, एवढं सगळीकडे सारखंच, नाता. पण मारून टाकायचंच होतं, की नुसतं झोडपायचं होतं आणि मेला, की लक्ष नव्हतं म्हणून मेला? हे तीन वेगळे गुन्हे. इरादा कुठवर गेला होता आणि हात कुठवर गेला, तेवढं बघायचं." मग जग जागेवर ठेवून फडक्याने काउंटर पुसायचे. नाता म्हणजे मी. नाव इन्कोरोनाता, पण ते पूर्ण घेईपर्यंत कॉफी निवते.

आता त्या वर्षीची गोष्ट सांगते, ते निवृत्त झाले त्या वर्षीची.

कानियो आणि विता सान्तार्सिएरो हे सख्खे भाऊ. धाकटा विता गाई पाळतो, थोरला कानियो त्या दुधाचं चीज करतो. आमच्याकडचं काचोकावाल्लो, वर लहान गोळा, खाली मोठा, गळ्याला दोरी बांधून टांगायचं. आम्ही त्याला भोपळाच म्हणतो. जुलैतल्या एका रविवारी दुपारी विता माझ्याकडे पत्ते खेळत बसला होता. तेवढ्यात कानियो हातात भोपळा लटकावत आत आला. विताने मान वर न करता सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "आले बघा! यंदा ह्यांचं चीज साबणासारखं कडू झालंय."

"दूध कुणाचं आहे रे, गाढवा?"

"दूध माझं, दादा. पण हात तुझे!"

पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं. कानियोचा हात फिरला, हातात भोपळा होताच, तो धाडकन विताच्या कानशिलावर. विता, खुर्ची, पत्ते, सगळं खाली. टेंगूळ आलं ते एवढं मोठं! दवाखान्यात डॉक्टरांनी लिहिलं, पंधरा दिवस. दुसऱ्या दिवशी विताने ठाण्यात जाऊन भावावर फिर्याद ठोकली. ठाणेदारांनी भोपळा पुरावा म्हणून जप्त केला, पण ठाण्यात गारवा कुठला? म्हणून दोरीभोवती कागदाची पट्टी गुंडाळली, लाख ओतली, शिक्का मारला आणि तो माझ्या तळघरात आणून टांगला.

"नाता, तू आता सरकारी राखणदार," ठाणेदार म्हणाले. "सील तुटलं तर तुझ्यावरही केस."

"कुंड्यांची आहे तेवढी पुरे!" मी म्हटलं. पण सही केली.

खरी पंचाईत पुढे होती. सोळा ऑगस्टला आमच्या गावच्या संताची, सान रोक्कोची मिरवणूक. मूर्तीचे पुढचे दोन दांडे आजोबांपासून सान्तार्सिएरोंच्या घरात, एक भाऊ डावीकडे, एक उजवीकडे. आणि आमचा रिवाज असा, की एकमेकांवर फिर्याद असलेल्या माणसांनी एका मूर्तीला खांदा द्यायचा नाही. फिर्याद उभी राहिली तर दांडे गेले खाटकाच्या घरात, आणि एकदा गेले की परत यायचे नाहीत. खाटीक तर खांद्याची गादी शिवून तयार बसला होता, मेला!

विताला मात्र ह्याचं काही नाही. पट्टी बांधून तो माझ्या बाहेरच्या टेबलावर दरबार भरवायचा. कुणी अंडी आणतंय, कुणी सूप. "पंधरा दिवस," तो मान हलवत सांगायचा, जणू पदकच मिळालंय. आमच्याकडे हे खूळच आहे. जितके दिवस जास्त तितकी शान मोठी. त्याच्या मामाला एकदा खेचराने लाथ मारली तेव्हा अठरा दिवस मिळाले होते, ते ह्याच्या मनाला लागलेलं. चौदाव्या दिवशी तो म्हणाला, "उद्या डॉक्टरकडून आणखी दहा लिहून घेतो. पंचवीस! मामाची जिरलीच."

एजिदियो काउंटरशी उभे होते. कप बशीवर आपटला त्यांच्या हातून. फिर्यादीला सल्ला द्यायचा नाही हा त्यांचा दुसरा नियम. म्हणून ते वळले माझ्या कॉफीच्या मशीनकडे आणि मशीनला म्हणाले, मोठ्याने, "वीस दिवसांच्या आतली दुखापत असेल तर फिर्याद ज्याची त्याची. वाटलं तर केली, वाटलं तर मागे घेतली. वीसच्या वर एक दिवस गेला, की ती त्याची राहत नाही. मग तो रडला, पाया पडला तरी सरकार खटला चालवणार. भावाला तुरुंग झाला तर तोही सरकारच देणार. कुणीतरी हे लक्षात ठेवलेलं बरं."

मशीनने फुस्स केलं. विताचं तोंड उघडं ते उघडंच.

"म्हणजे... दादा खरंच आत जाईल?" त्याने मला विचारलं.

"मला काय विचारतोस? मशीनला विचार," मी म्हटलं.

त्याने तिथल्या तिथे पट्टी सोडली. आत टेंगूळ केव्हाच गायब! पट्टीवर डागसुद्धा नाही. "आठ दिवस नाटक करतोयस होय रे?" मी ओरडले, पण तो ठाण्याकडे पळत सुटला होता. त्याच दिवशी फिर्याद मागे घेतल्याची सही केली त्याने.

मला वाटलं, झालं, सुटलो. कसलं काय! माफीचंसुद्धा दोन बाजूंचं असतं, हे मला तेव्हा कळलं. एकाने फिर्याद मागे घेतली तरी दुसऱ्याने मान्य म्हणावं लागतं, नाही तर खटला उभाच. आणि कानियो ठाण्यात जाऊन म्हणाला, "मला नको त्याची माफी. खटला चालवा. न्यायाधीशबाईंनी माझं चीज खाऊन जाहीर करावं की ते कडू नाही."

"गुन्ह्याला मार लागतो, इजा लागते, इरादा लागतो," एजिदियोंनी मशीनला सांगितलं. "चव लागत नाही." कानियो कोपऱ्यात बसून ऐकत होता. ढिम्म हलला नाही.

त्यात भर म्हणून चौदा ऑगस्टला ठाणेदार आले. तोंड पडलेलं. जिल्ह्याच्या गावाहून, पोतेंझाहून, सरकारी वकीलबाईंचा फोन आला होता. आधी त्या खूप हसल्या म्हणे, मग गंभीर झाल्या. तो भोपळा हातात का होता, हे कुठेच लिहिलेलं नाही. मारायला म्हणून आणला असेल तर ते हत्यार. आणि हत्याराने केलेली दुखापत एक दिवसाची असली तरी मागे घेता येत नाही. "कानियोला विचारलं," ठाणेदार म्हणाले. "म्हणतो, माझं चीज, माझा हात, तुम्हाला काय करायचंय. उद्या संध्याकाळपर्यंत उत्तर दिलं नाही तर मला हत्यार असंच लिहावं लागेल."

एजिदियो कॉफी अर्धी ठेवून गेले. एकतीस वर्षांत पहिल्यांदा.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी वाइन आणायला तळघरात उतरले. म्हटलं, जाता जाता कैद्याला फडकं फिरवावं, बुरशी आली असेल. पुसता पुसता तो फिरला, आणि लाखेच्या पट्टीखालून काहीतरी लाल डोकावलं. बोट लावायचं धाडस नाही, म्हणून दिवा जवळ नेला. दोरा! लाल लोकरीचा दोरा, दोन गाठी मारलेला.

अगं बाई! सान्तार्सिएरोंच्या शेजारी वाढले मी. त्यांच्या वडलांपासूनची रीत, मे महिन्याच्या गवतावरच्या दुधाचा पहिला भोपळा मुरला की त्याला लाल दोरा बांधायचा आणि तो भावाच्या घरी द्यायचा. दुसऱ्या कुणाच्या नाही, विकायचा नाही, भावाच्या घरी.

मी वर धावले. बारमध्ये सगळे होते. कानियो एका कोपऱ्यात, विता दुसऱ्यात, आणि काउंटरशी एजिदियो. "शिरस्तेदारसाहेब, खाली चला. विता, तूही ऊठ!"

एजिदियोंनी चष्मा लावून दोरा बघितला. बराच वेळ बघितला. मग विताकडे न बघता, दिव्याला म्हणाले, "पहिला भोपळा दर वर्षी कधी पोचतो?"

"जुलैच्या पहिल्या रविवारी," विता पुटपुटला. "यंदा आलाच नाही. दोन रविवार वाट बघितली मी. वाटलं, दादाने मला काढून टाकलं. म्हणून तर बोललो, साबण बिबण. मी कुठे खाल्लं होतं यंदाचं चीज?"

"थंडी लांबली यंदा, गवत उशिरा आलं," मी म्हटलं. "तुझाच माल घेऊन आला होता तो त्या दिवशी, आणि तू तोंड उघडलंस, मूर्खा!"

विता जिन्यावरून वर गेला तो धडपडतच. भावासमोर उभा राहिला.

"दादा, माझा भोपळा दे."

"तुझा कसला? सरकारचा आहे तो," कानियो टेबलाकडे बघत म्हणाला.

"लाल दोरा आहे त्याला."

कानियोच्या मिशा थरथरल्या. "मग? काय सगळ्या गावाला सांगत सुटू? ज्याच्यासाठी आणला त्यानेच चार लोकांत नाक कापलं, आणि मी ठाण्यात रडत सांगू, साहेब, भेट द्यायला आणला होता हो?"

"सांग ना रे," विता म्हणाला, आणि तोच रडायला लागला.

मग काय! दोघंही रडले, शिव्या देत देत. ठाणेदारांना बोलावणं गेलं. त्यांनी माझ्याच टेबलावर लिहून घेतलं, वस्तू भेट देण्यासाठी आणली होती, रागाच्या भरात हातातच होती म्हणून लागली, माफी मान्य. कानियोने सही केली तेव्हा एजिदियो खिडकीबाहेर बघत होते आणि रुमाल तोंडाला लावून उगाच खोकत होते.

सोळा तारखेला सान रोक्को निघाला. पुढे डावीकडे कानियो, उजवीकडे विता, आणि चढावर दोघं एकमेकांना "वर धर की, म्हाताऱ्या!" म्हणून ओरडत होते. मूर्तीत संताच्या पायाशी त्याचा कुत्रा असतो, खाटकाने आपली गादी त्या कुत्र्याच्या पायाखाली सरकवली. बिचारा! मी तर हसून हसून रडले.

सील तोडायचा कागद पोतेंझाहून यायला ऑक्टोबर उजाडला. एजिदियोंचा नोकरीचा तो शेवटचा आठवडा. ठाणेदारांनी लाख फोडली, मी पट्टी काढली, विताने लाल दोरा सोडून खिशात ठेवला. भोपळा कापून फळीवर मांडला, पाव आणला, वाइन ओतली. सवयीने एजिदियो भिंतीकडे सरकले.

"साहेब," मी म्हटलं, "ह्या दोघांची केस संपली. माझी कुंड्यांचीही काल मिटवली, शेजारणीला मिठी मारून, तुमच्यासाठी. आता तरी इकडे तोंड करा!"

ते वळले. कानियोने सुरीच्या टोकावर पहिला तुकडा भावाला दिला, दुसरा त्यांना. एकतीस वर्षांनी माझ्या काउंटरवर एजिदियो लापोल्लांनी दुसऱ्याच्या हातचं खाल्लं. आम्ही सगळ्यांनीच खाल्लं, एकदम.

आणि देवाशपथ सांगते, कडू! कडू म्हणजे किती, जीभ आत वळली माझी. तीन महिने माझ्या ओल्या तळघरात टांगलेला तो, आणखी काय होणार? कानियोने अजून तोंडात घातला नव्हता. तो श्वास रोखून भावाच्या तोंडाकडे बघत होता.

विताने सावकाश चावलं. गिळलं. ओठ पुसले. "दादा," तो म्हणाला, "गोड आहे. बाबांच्या हातचा असायचा तसाच."

सगळ्यांनी माना डोलावल्या, ठाणेदारांनीसुद्धा. मी एजिदियोंकडे पाहिलं. एवढ्या साक्षीदारांसमोर एवढी खोटी साक्ष त्यांच्या आयुष्यात झाली नसेल. "साहेब," मी हळूच विचारलं, "ह्याला कायद्यात काही कलम असेल ना?"

"असेल," ते म्हणाले, आणि पुन्हा हात पुढे केला. "मला आज आठवत नाही. आणखी एक तुकडा दे."